एकांडा शिलेदार आणि वेताळाचा प्रश्न

परवा नातू आठवडाभर राहायला आला होता. कॉलेजला सुट्टी, बाहेर ऊन आणि आजीकडे वेळच वेळ! दुपारची जेवणं झाली की स्वारी टीव्हीसमोर आडवी. एक दिवस म्हणाला, "आजी, तू पण बस. यात राजकारण कमी आहे, तुला कळेल." (म्हणजे बाकीचं मला कळत नाही असं त्याचं मत. असो.)

मालिका होती 'अ नाइट ऑफ द सेव्हन किंगडम्स'. २०२६ च्या जानेवारीत आलेली, सहाच भागांची. जॉर्ज मार्टिन या अमेरिकन लेखकाच्या १९९८ मधल्या एका दीर्घकथेवर बेतलेली. याच लेखकाच्या कादंबऱ्यांवरची 'गेम ऑफ थ्रोन्स' ही अवाढव्य मालिका २०११ ते २०१९ अशी आठ पर्वं चालली होती. माझ्या मुलाने ती रात्र रात्र जागून बघितली होती, मी दोन भागांत हात टेकले. ही मात्र लहानखुरी निघाली. एक उंचापुरा, गरीब, थोडा भाबडा तरुण. ज्याच्या हाताखाली तो वाढला तो म्हातारा योद्धा वाटेतच मरतो. त्याला पुरून, त्याची तलवार आणि घोडी घेऊन हा निघतो. सोबतीला एक टक्कल केलेला पोरगा (तो खरा कोण ते सांगत नाही, बघायची असेल त्यांचा विरस नको). रात्री झाडाखाली झोपायचं, दिवसा कुणी चाकरीला ठेवतंय का ते बघायचं.

नातवाने विचारलं, "आजी, या नाइटला मराठीत काय म्हणायचं?"

मी म्हटलं, शिलेदार. मराठ्यांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो तो, आणि शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येतो तो. पेशवाईत 'एकांडे' म्हणून स्वार होते, ते कुणाच्या पथकात न राहता एकेकटे चाकरी करायचे. त्यावरूनच आपण कुणाला 'एकांडा शिलेदार' म्हणतो. आता तो शब्द कुणाशी न पटणाऱ्या माणसासाठी उरला आहे, पण मुळात तो एका खऱ्या पोटार्थी माणसाचा शब्द आहे. नातवाला ते आवडलं. मग त्याचा पुढचा प्रश्न आला, "आपल्याकडे टीव्हीवर असं कधी काही होतं का? छोटंसं, एकट्या माणसाचं?"

होतं की! आणि ज्यांनी ते केलं त्यांचा मुक्काम आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होता.

आमच्या घरातल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे, आम्ही तेव्हा अंधेरी पूर्वेला गुंदवलीत दोन खोल्यांत राहत होतो. हायवे ओलांडून अंधेरी-कुर्ला रस्त्याकडे वळलं की नटराज स्टुडिओ लागायचा. शक्ती सामंत, रामानंद सागर, प्रमोद चक्रवर्ती अशा काही निर्मात्यांनी मिळून तो चालवायला घेतला होता. फाटकापाशी कायम पाच-पंचवीस माणसं ताटकळत उभी. कुणी येईल, दिसेल या आशेवर. मी शाळेतून येताना तिथून जायचे, पण मला कधी कुणी दिसलं नाही. आता तो स्टुडिओ नाही. त्या चौकात ऑफिसच्या उंच इमारती उभ्या आहेत आणि रस्त्यावरून २०१४ पासून मेट्रो धावते.

या रामानंद सागरांनी १९८५ च्या ऑक्टोबरात दूरदर्शनवर एक मालिका आणली. 'विक्रम और बेताल'. दर रविवारी दुपारी साडेचारला. एकूण २६ भाग. अरुण गोविल विक्रमादित्य आणि सज्जन हे जुने नट बेताल. सज्जन म्हणजे १९५१ च्या 'सैयां' चित्रपटात मधुबालाबरोबर काम केलेले. साठी उलटल्यावर त्यांना ही भूमिका मिळाली आणि आज लोक त्यांना ओळखतात ते बेताल म्हणूनच! पांढरे पिंजारलेले केस, पांढराफटक चेहरा, आणि ते खदाखदा हसणं.

गोष्टीचा सांगाडा सगळ्यांना माहीत आहे, तरी नव्या पिढीसाठी सांगते. एका साधूला शब्द दिलाय म्हणून राजा रात्री एकटाच स्मशानात जातो. झाडावर लटकलेलं प्रेत खांद्यावर घेतो आणि चालू लागतो. प्रेतात वेताळ आहे. वाट सरावी म्हणून वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. अट अशी, की उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकलं होतील. आणि बोलला तर मौन मोडलं म्हणून वेताळ उडून पुन्हा झाडावर! म्हणजे बोललं तरी नुकसान, नाही बोललं तरी मरण.

आमच्याकडे तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. शेजारी रंगीत होता, पण पोरं बेतालासाठी आमच्याकडेच यायची. काळ्या-पांढऱ्यात स्मशान जास्त खरं वाटायचं! झाडं कापडाची आहेत हे कळायचं नाही. धूर भरपूर. बेताल उडायचा तेव्हा दोरी दिसते का ते बघायला मुलं अगदी पडद्याला नाक लावून बसायची. आणि प्रश्न आला की खोलीत एकच कल्ला. राजाने तोंड उघडायच्या आत प्रत्येकाला आपलं उत्तर सांगायचं असायचं. आमच्या सासूबाई सुद्धा स्वयंपाकघरातून ओरडून सांगायच्या, "मधल्या भावाचाच हक्क!" आणि मग राजाने वेगळंच उत्तर दिलं की त्याला अक्कल नाही म्हणायच्या.

ही मालिका जन्माला आली ती मोठ्या मालिकेच्या पोटी नव्हे, तर मोठीच्या आधी. सागरांना मुळात रामायण करायचं होतं. पण त्यासाठी पैसे घालायला कुणी तयार नव्हतं. टीव्हीवर मुकुट आणि मिशा लावलेली माणसं कोण बघणार, असं लोक म्हणायचे, ही हकीकत पुढे त्यांच्या घरच्यांनीच सांगितली आहे. तेव्हा आधी छोटं काहीतरी करून बघू, म्हणून राजा आणि बेताल. एका भागाला लाखाच्या थोडा वर खर्च यायचा आणि पुढे रामायणाच्या एका भागाला नऊ लाखांच्या आसपास लागले, असं सांगतात. विक्रम चालला, लोकांना मुकुट आणि मिशा आवडल्या, आणि २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं. राजा विक्रम झालेले अरुण गोविल तिथे राम झाले. बेतालाच्या गोष्टींतून कधी राजकन्या तर कधी आणखी कुणी होऊन येणाऱ्या दीपिका चिखलिया सीता झाल्या. सुनील लाहिरी लक्ष्मण, अरविंद त्रिवेदी रावण, विजय अरोरा इंद्रजित. सगळे आधी बेतालाच्या शाळेत शिकून गेलेले! आपले रमेश भाटकरही त्या शाळेत होते. रामायणाचं चित्रीकरण गुजरातच्या हद्दीवर उंबरगावला झालं.

म्हणजे परदेशात आधी अजस्र मालिका झाली आणि मग तिची धाकटी, हलकीफुलकी बहीण आली. आपल्याकडे उलटं. धाकटीने वाट पाडली आणि थोरली त्या वाटेने पालखीत बसून गेली. पुढे २०२० च्या टाळेबंदीत रामायण पुन्हा लावलं तेव्हा सगळा देश बघत बसला. बेतालाची आठवण आमच्यासारख्या काही जणांनाच आली असेल.

नातू म्हणाला, "पण आजी, हा विक्रम म्हणजे उज्जैनचा ना? हिंदी गोष्ट आहे ही."

इथे माझ्यातली बाई जागी झाली. (चाळीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिल्यावर ती कुठे जाणार?) मालिकेतला राजा उज्जैनचा, हे खरं. पण ही गोष्ट ज्या जुन्या संस्कृत ग्रंथात सापडते तो 'कथासरित्सागर' उघडून बघा. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेव नावाच्या पंडिताने सूर्यमती राणीच्या मनोरंजनासाठी तो रचला. त्यात या राजाचं नाव आहे त्रिविक्रमसेन, आणि तो राहतो गोदावरीच्या काठी प्रतिष्ठान नगरात. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण! एकनाथांचं पैठण, पैठणीचं पैठण. राजा घरचाच निघाला की नाही?

सोमदेवाच्या गोष्टीत क्षान्तिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. राजा ते खजिनदाराकडे देतो, खजिनदार खिडकीतून कोठारात टाकतो. असं वर्षानुवर्षं. एक दिवस पाळलेलं माकड ते फळ फोडतं आणि आतून रत्न पडतं. मग राजा विचारतो, बाबा रे, एवढं सगळं कशासाठी? तेव्हा भिक्षू म्हणतो, मला एका मंत्रसाधनेसाठी वीर पुरुषाची मदत हवी आहे, अमुक रात्री स्मशानात ये. राजा जातो. सैन्य नाही, मंत्री नाही, घोडा सुद्धा नाही. हातात तलवार. भिक्षू वडाखाली बसलेला असतो, तो म्हणतो दक्षिणेला एक शिंशपाचं झाड आहे, त्यावरचं प्रेत घेऊन ये. बस, एवढंच काम. एका राजाने हमालासारखं ओझं वाहायचं आणि तेही पुन्हा पुन्हा.

पुढे या गोष्टी संस्कृतात शिवदासाने आणि जंभलदत्ताने वेगळ्या सांगितल्या. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात १८०५ मध्ये लल्लूलाल आणि मजहर अली विला यांनी हिंदुस्थानीत 'बैताल पच्चीसी' छापली. साहेबलोकांना आपली भाषा शिकवण्याचं पाठ्यपुस्तक म्हणून! मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, यांनी १८३० मध्ये 'वेताळपंचविशी' आणली. त्यांनीच आपल्याला इसापनीती आणि बाळमित्र दिलं. मुंबईत तेव्हा मराठी शाळा नुकत्या सुरू होत होत्या आणि मुलांच्या हाती द्यायला पुस्तकं नव्हती, म्हणून त्यांनी ही कामं केली. म्हणजे वेताळ मराठी मुद्रित गद्याच्या अगदी पहिल्या बाकावर बसलेला विद्यार्थी आहे.

आमच्या पिढीला मात्र तो भेटला 'चांदोबा'त. मद्रासहून निघणाऱ्या चंदामामाची मराठी आवृत्ती १९५२ मध्ये सुरू झाली. त्यात दर महिन्याला विक्रम-वेताळ असायचाच. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे कवट्या आणि सापांचं रान, असं ते चित्र के. सी. शिवशंकरन काढायचे. ते २०२० मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी गेले. चांदोबाही आता निघत नाही. लहानपणी मी ते चित्र उशीखाली ठेवायचे नाही, घाबरून कपाटावर ठेवायचे. पण अंक आला की आधी तेच पान.

आणि कोकणातल्या माणसाला वेताळाचं भय वाटत नाही, ही आणखी एक गंमत. तिकडे तो गावाचा राखणदार आहे. जयवंत दळवींचं आरवली, वेंगुर्ल्याहून शिरोड्याला जाताना लागणारं. तिथे श्री देव वेतोबाचं मोठं देऊळ आहे. माणसं नवस फेडायला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला आणतात. कारण वेतोबा रात्री गावभर फिरतो, लोकांची राखण करतो, आणि चालून चालून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. देवळात त्या चपला ओळीने ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. गोव्यातही आमोण्याला आणि इतर गावांत बेताळ ग्रामदेव आहे. २०२३ मध्ये सन मराठीवर वेतोबाची मालिकाही आली होती. तेव्हा रात्री एकटा भटकणारा शिलेदार आपल्या गोष्टीत कोण म्हणायचा? खाली चालणारा राजा की त्याच्या खांद्यावर बसलेला? मला तर वाटतं दोघेही. एकाच्या पायाची चामडी झिजते, दुसऱ्याच्या चपला.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

त्या परदेशी मालिकेत एक प्रसंग आहे. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या एका मुलीला एक राजपुत्र मारहाण करतो. भोवती माणसं आहेत, सगळ्यांना कळतंय की हे चुकतंय, पण राजपुत्रावर हात टाकायचा म्हणजे स्वतःचा हात गमवायचा. हा आपला गरीब शिलेदार पुढे होतो आणि त्या राजपुत्राला झोडपतो. नातू टाळ्या वाजवत होता. मी उठून पाणी प्यायला गेले, कारण मला एक तास आठवला.

१९८६ साल असेल. मी सातवीच्या वर्गावर होते. बेतालाची मालिका चालू होती, त्यामुळे ऑफ तास मिळाला की मुलं म्हणायची, "बाई, वेताळाची गोष्ट!" मी पुस्तकातली एकेक सांगायचे आणि प्रश्न वर्गाला टाकायचे. त्या दिवशी सहावी गोष्ट सांगितली. मदनसुंदरी नावाची स्त्री नवऱ्याबरोबर आणि भावाबरोबर देवीच्या देवळाशी येते. आधी नवरा आणि मागोमाग भाऊ, दोघेही देवीपुढे स्वतःचं शिर कापून घेतात. ती आकांत करते, देवी प्रसन्न होते आणि सांगते, शिरं धडांना लाव, दोघेही उठतील. घाईत अदलाबदल होते. नवऱ्याचं शिर भावाच्या धडाला आणि भावाचं नवऱ्याच्या. आता तिचा नवरा कोणता?

राजाचं उत्तर, ज्याच्या धडावर नवऱ्याचं शिर तो. कारण सर्व अवयवांत शिर प्रधान. वर्गात बहुतेकांनी तेच सांगितलं. मी फळ्यावर 'सर्वेषु गात्रेषु' वगैरे काहीतरी लिहायला वळले. तेवढ्यात शेवटून दुसऱ्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "पण बाई, तिला कुणी विचारलंच नाही."

वर्ग हसला. मी म्हटलं, "गोष्टीत जे उत्तर आहे तेच उत्तर. बस खाली."

ती बसली. पुढे त्या वर्षात ती काही विचारायला उभी राहिल्याचं मला आठवत नाही.

तिने काय विचारलं होतं ते मला नीट कळलं होतं. गोष्टीतलंही आणि गोष्टीबाहेरचंही. तिच्या मोठ्या बहिणीला त्याच वर्षी नववीतून काढून गावी नेलं होतं, लग्नासाठी. वडील दाखला न्यायला आले तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. मुलीच्या लग्नाचं वय १९७८ मध्ये कायद्याने १८ केलं हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण नागरिकशास्त्राच्या तासाला ते मीच शिकवायचे, आणि परीक्षेत एका मार्काला विचारायचे. ती मुलगी चौदा-पंधराची होती. आम्ही तीन-चार शिक्षिका तिथे बसलो होतो. एकमेकींकडे बघितलं, आणि कुणी बोललं नाही. दाखला लिहून झाला. तो निघताना मी त्याला चहा विचारला. चहा!

वेताळाच्या अटीप्रमाणे त्या दिवशी माझ्या डोक्याची शकलं व्हायला हवी होती. झाली नाहीत. मी घरी गेले, भाजी निवडली, आणि रविवारी साडेचारला पोरांबरोबर टीव्हीसमोर बसले.

नंतर कधीतरी वाचनात आलं की याच गोष्टीवर जर्मन लेखक थॉमस मान यांनी १९४० मध्ये एक कादंबरिका लिहिली आणि तिच्या आधाराने गिरीश कार्नाडांनी १९७१ मध्ये 'हयवदन'. विजयाबाई मेहतांनी ते मराठीत केलं. कार्नाडांच्या नाटकात भावाच्या जागी मित्र आहे, आणि त्या स्त्रीच्या मनात काय आहे हे नाटकाच्या अगदी मध्यावर आणून ठेवलंय. म्हणजे माझ्या सातवीतल्या मुलीने जे विचारलं तेच मोठमोठ्या लेखकांनी विचारलं होतं. मी तिला खाली बसवलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं म्हणून नव्हे, होतं म्हणून.

रामायण सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी साडेनऊला गुंदवलीचे रस्ते ओस पडायचे. टीव्हीला हार, उदबत्ती. आमच्या सासूबाई अंघोळ करून, हात जोडून बसायच्या. त्याला मी हसत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असायचं ते मला आयुष्यात फार कमी वेळा साधलं. पण त्या स्वयंपाकघरातून ओरडून मत द्यायच्या बंद झाल्या, हेही खरं. रामाला काय सांगणार? सगळं आधीच ठरलेलं आणि आपण नमस्कार करायचा. बेतालाच्या वेळी ठरलेलं काही नव्हतं. पडद्यावरचा राजा गप्प आहे तेवढ्या दोन मिनिटांत आमच्या दोन खोल्यांमधला प्रत्येक जण राजा होता, अगदी पाच वर्षांचा धाकटा सुद्धा. मोठ्या गोष्टी आपल्याला भारून टाकतात. छोटी गोष्ट मात्र आपल्यालाच विचारते, तू काय केलं असतंस?

सोमदेवाने शेवट कसा केलाय ते बऱ्याच जणांना माहीत नसतं, कारण मालिकांत आणि मासिकांत वेताळ कधी संपतच नाही. चोवीसावा प्रश्न असा आहे. एक बाप आणि त्याचा मुलगा. वाटेत दोन स्त्रियांची पावलं दिसतात, मोठी आणि छोटी. मोठ्या पावलांची बापाने करायची, छोट्या पावलांची मुलाने, असं ठरतं. प्रत्यक्षात मोठी पावलं मुलीची आणि छोटी तिच्या आईची निघतात! शब्द दिला म्हणून बाप मुलीशी लग्न करतो आणि मुलगा आईशी. आता त्यांना होणारी मुलं एकमेकांची कोण? राजा विचार करतो, करतो, आणि गप्प राहतो. चालत राहतो. त्याला खरंच येत नाही. वेताळ खूश होतो. म्हणतो, या भिक्षूला तुझाच बळी द्यायचाय. तो साष्टांग नमस्कार घाल म्हणाला की म्हण, मला येत नाही, तू घालून दाखव. तो वाकला की तलवार चालव. राजा तसंच करतो आणि वाचतो. आणि वर काय मागतो, तर या पंचवीस गोष्टी जगात प्रसिद्ध होवोत.

इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगत आले, पण हे आता लक्षात आलं. राजा त्या रात्रीत एकदाच गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्याची त्याला शिक्षा होत नाही. उलट जीव वाचतो. कारण त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना त्याने शहाणपणाचा आव आणला नाही. नंतर भिक्षूपुढे सुद्धा त्याला म्हणायचंय ते हेच, मला येत नाही, शिकव. अट फक्त दुसऱ्या गप्प राहण्याला आहे, माहीत असून गप्प राहण्याला. आम्ही शिक्षकांनी मुलांना नेमकं उलटं शिकवलं. येत नसेल तरी काहीतरी लिहा, कोरं सोडू नका. आणि कळलं असेल तरी जास्त बोलू नका.

मी त्या दिवशी बोलले असते तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. बाप म्हणाला असता, बाई, तुम्ही तुमचं बघा. किंवा हेडमास्तरांनी बोलावून समज दिली असती. म्हणजे वेताळ उडून पुन्हा झाडावर गेला असता आणि मला पुन्हा तिथपर्यंत चालत जावं लागलं असतं. पण त्या गोष्टीतला राजा रात्रभर दुसरं काय करतो? बोलतो, हरतो, परत जातो, ओझं उचलतो. तेवीस वेळा. एवढ्यासाठीच तर त्याला वीर म्हणायचं.

नातू जायच्या आदल्या दिवशी मी त्याला ही हकीकत सांगितली. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "आजी, ती मुलगी आता कुठे असेल?" मी म्हटलं, पन्नाशीत असेल. मला नाव आठवतं, बाकी काही माहीत नाही.

इथे मात्र मला खरंच माहीत नाही म्हणून गप्प राहते.

असो. फार लांबलं. मंडळी, तुमच्या आठवणीतला वेताळाचा प्रश्न कोणता, आणि राजाचं कोणतं उत्तर तुम्हाला पटलं नव्हतं, ते जरूर कळवा. गुंदवलीच्या त्या खोलीत पडद्याला नाक लावून बसणारी आमची पुतणे-भाचे कंपनी हे वाचत असेल, तर त्यांनी विशेष करून लिहावं. दोरी दिसायची की नाही, याचाही एकदा निकाल लावू या.